निळ्या दारासमोर इंजिन बंद करा

आज पहाटे यंदाचा पहिला प्लो आला, रस्त्यावरचा बर्फ लोटणारी गाडी. आधी लांबून डांबर खरवडल्याचा आवाज, मग पडद्याआडून छतावर फिरून गेलेला नारिंगी उजेड, आणि शेवटी आमच्या ड्राइव्ह-वेच्या तोंडाशी पडलेला बर्फाचा बांध. मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत राहणाऱ्या माणसाला हा क्रम पाठ असतो. प्लोवाला रस्ता साफ करतो आणि तोच बर्फ तुमच्या दारात लोटून पुढे जातो. त्याबद्दल त्याला शिव्या द्याव्यात की त्याचे आभार मानावेत, हे इतक्या वर्षांत मला ठरवता आलेलं नाही. सुधीर, म्हणजे माझा नवरा, नेहमीसारखा ताडकन उठला आणि कचऱ्याचे डबे आत घ्यायला धावला. मी पांघरुणातच पडून राहिले, आणि मला ग्रॅहमरावांची आठवण आली.

ग्रॅहमराव ऑस्ट्रेलियात राहतात. क्वीन्सलंडमधल्या कुठल्याशा उसाच्या गावात, पत्र्याचं छप्पर असलेल्या घरात. ते व्हिडिओ गेम खेळतात आणि खेळून झाल्यावर त्यांच्याबद्दल बोलतात. बातम्या देतात, परीक्षणं करतात, मतं मांडतात, आणि जगभरातले लोक ते ऐकतात. ‘राव’ मी लावलं. इतकी वर्षं ज्याचा आवाज आपल्या स्वयंपाकघरात आहे, त्याला नुसतं ग्रॅहम म्हणणं मला जड जातं. आम्ही कधी भेटलेलो नाही, पत्र नाही, फोन नाही. त्यांना मी माहीतही नाही.

माझी आणि त्यांची गाठ फर्नेसच्या पाइपांनी घालून दिली. आमच्या मुलाला, ईशानला, शाळेत असताना बेसमेंटमध्ये बसून गेम खेळायचं वेड होतं. इकडच्या घरांमध्ये गरम हवा बेसमेंटमधून जमिनीतल्या जाळ्यांतून वर येते, आणि हवेबरोबर आवाजही येतो. मी वर पोळ्या लाटत असायचे आणि ओट्याखालच्या जाळीतून एक पुरुषी, खरखरीत, सावकाश आवाज यायचा. सुरुवातीला मी वैतागले. हा कोण परका माणूस माझ्या मुलाला तासन्‌तास धरून बसलाय, असं वाटायचं. एकदा तर जाळीवर पायपुसणं टाकून ठेवलं. पण पायपुसणं टाकलं की पाय गारठायचे, म्हणून ते काढावं लागलं. मग ऐकणं आलंच.

ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की या माणसाला बोलता येतं. पूर्वी ते गावच्या रेडिओवर स्थानिक क्रिकेटचं धावतं वर्णन करायचे, हे मला पुढे त्यांच्याच बोलण्यातून कळलं. त्यामुळे चित्र डोळ्यांसमोर उभं करायची सवय होती, आणि बॉल पडायच्या आधी षटकार म्हणायचं नाही ही शिस्तही होती. गेम शेवटपर्यंत खेळल्याशिवाय ते त्यावर चकार शब्द काढत नसत. एकदा आवाज बंद करून खेळायचे आणि एकदा आवाज चालू ठेवून. डोळ्यांना काय मिळतं आणि कानांना काय मिळतं, ते वेगवेगळं बघायला हवं, असं त्यांचं म्हणणं. कंपन्यांनी फुकट पाठवलेला गेम घेत नसत. आणि कितीही वाईट गेम असला तरी त्यात कुणीतरी गवत नीट रेखाटलेलं असायचं किंवा कुणीतरी दाराची कडी छान वाजवलेली असायची. ते त्या माणसाचं नाव शोधून काढायचे आणि घ्यायचे. त्या नाव घेण्यावर मी भाळले.

तारे, गुण, टक्के असलं काही ते देत नाहीत. त्यांच्या शेजारच्या घरात त्यांचा भाऊ राहतो. तो गेम मागून नेतो आणि परत करायचं नाव काढत नाही. त्यावरून ग्रॅहमरावांचं माप ठरलेलं. ‘भावाला देणार नाही’ म्हणजे गेम वाईट, भावाचं वाटोळं कशाला करा. ‘भावाला देईन, परत मागणार नाही’ म्हणजे ठीक. ‘भावाला देईन आणि परत मागेन’ म्हणजे उत्तम. आता गेम तबकडीवर येत नाहीत, उसने देता येत नाहीत, तरी माप तेच राहिलं. ईशान तेरा-चौदा वर्षांचा असताना जेवायला वर आला की मी विचारायचे, काय रे, परत मागितला का? तो आधी दचकला होता. मग जेवताना आमचं तेवढं एक बोलणं पक्कं झालं. त्या वयातल्या मुलाशी बोलायला तेवढा एक विषय असणं ही केवढी चैन होती, हे इथल्या कुठल्याही आईला विचारा.

ईशान मॅडिसनला शिकायला गेला आणि जाळीतून नुसती हवा यायला लागली. आठवडाभर मी कळ काढली, मग माझ्या फोनवर ग्रॅहमराव शोधून काढले आणि ओट्यावर फोन उभा करून पोळ्या लाटायला लागले. गेम मी एकही खेळले नव्हते. पण आमच्याकडे जानेवारीत श्वास घेतला की नाकात टोचतं, तेव्हा त्यांच्याकडे पंखा घरघरत असतो, बाहेर कसले कसले पक्षी भांडत असतात आणि ते घाम पुसत बोलत असतात. एखादा गेम हिवाळ्यात येणार म्हणाले की तो आमच्या जुलैत येतो. मला ते फार आवडायचं. आपण इथे थिजून बसलो असताना पृथ्वीवर कुठेतरी कुणीतरी उकाड्याने हैराण आहे, या विचाराने ऊब येते.

ईशानला मी फोन करायचे. तो उचलायचा नाही, मग मी निरोप ठेवायचे. त्या पिढीला निरोप ऐकायचा कंटाळा. आई, नोबडी लिसन्स टु व्हॉइसमेल, जस्ट टेक्स्ट मी, असं त्याने मला नाना परींनी सांगून पाहिलं. पण मला टाइप करून काळजी करता येत नाही. बीप वाजला की माझं सुरू व्हायचं: हवा, रस्ता, जेवण, मोजे. सुधीर हसायचा. म्हणायचा, विहिरीत बोलतेस तू.

ज्या हिवाळ्याबद्दल मी लिहायला बसलेय तो आता दोन वर्षांमागचा. ईशान तोवर सनीव्हेलला स्थिरावला होता. चिप बनवणाऱ्या कंपनीत चांगली नोकरी होती, आणि ती सोडून त्याने दोन मित्रांबरोबर अपार्टमेंटच्या बैठकीत बसून गेम बनवायला घेतला होता. नोकरी सोडल्याचं त्याने आम्हाला बऱ्याच उशिरा सांगितलं. तीन वर्षं त्या तिघांनी त्या गेमवर घालवली. त्याला इंग्रजी नाव आहे आणि मला ते कधीच आवडलं नाही, त्यामुळे इथे सांगत नाही. गेम असा: तुम्ही मिनेसोटातल्या एका लहान गावातले प्लोवाले. पहाटे अंधारात गाडी काढायची आणि गाव उठायच्या आत रस्ते मोकळे करायचे. ज्या घरासमोरचा बर्फ काढाल, त्या घरात दिवा लागतो आणि खिडकीतून त्या घराची थोडीशी गोष्ट दिसते. मारामारी नाही, पळापळी नाही. कॅलिफोर्नियात, जिथे बर्फ फक्त फ्रीजमध्ये असतो, तिथे बसून माझ्या मुलाने तीन वर्षं बर्फ काढला.

गेम जानेवारीत आला, नेमका संक्रांतीच्या सुमारास. आमच्या मंडळाचा तिळगुळाचा कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये असतो. देवधर काका हे मंडळाचे माजी अध्यक्ष, खरं तर कायमचे अध्यक्ष. इथल्या पहिल्या पिढीतले भूलतज्ज्ञ, आता निवृत्त. ईशान जन्मला तेव्हा हॉस्पिटलमध्ये फुलं घेऊन पहिले तेच आले होते. त्यांनी माइक हातात घेतला आणि सांगितलं की आपल्या ईशानने गेम काढलाय, तेव्हा प्रत्येक घराने तो घ्यायचा आणि पाच तारे द्यायचे. हॉलभर टाळ्या. तिळगूळ खात खात लोकांनी तिथेच फोनमध्ये गेम शोधायला सुरुवात केली. तो कंप्युटरवरच चालतो हे कळल्यावर सगळे उत्साहाने घरी गेले.

आपली ही जुनी रीत आहे. गणपतीत नाटक बसलं की पडदा पडताच सगळे आत येऊन ‘फारच छान’ म्हणतात. नायक दोनदा वाक्यं विसरलेला असतो, पण इथे आल्यापासून मी एकदाही कुणाला ते बोलताना ऐकलं नाही. आपली स्तुती आहेरासारखी असते. पाकीट द्यायचं असतं, आत काय आहे ते बघायचं नसतं. आणि मी हे हसण्यावारी नेत नाहीये. परक्या देशात आमची मुलं याच आहेरावर वाढली. कुणी चुकीचं भरतनाट्यम्‌ केलं, कुणी बेसूर अभंग म्हटला, आणि हॉलभर मावश्या आणि काकांनी त्यांना उचलून धरलं. त्यातली किती मुलं पुढे धीट झाली.

तर त्या संध्याकाळी सगळ्यांनी एकदमच आहेर केला. विकत घेतल्याशिवाय मत लिहिता येत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी गेम घेतला, उघडला, लगेच बंद केला आणि लिहिलं. ‘एक्सलंट गेम. व्हेरी गुड बॉय फ्रॉम गुड फॅमिली.’ ‘ऑन बिहाफ ऑफ द एक्झिक्युटिव्ह कमिटी, हार्टी काँग्रॅच्युलेशन्स.’ ‘स्नो इज व्हेरी रिअल, सेम लाइक अवर ड्राइव्ह-वे.’ देवधर काकूंनी लिहिलं की गेम उत्तम आहे आणि ईशानची आई साटोऱ्या फार सुंदर करते. सुधीरनेही लिहिलं. मी लिहिलं नाही. माझा गेम पहिल्या गल्लीतच अडकला होता. मला गाडी वळवता येत नव्हती आणि मी एकाच घराची पत्रपेटी पुन्हा पुन्हा पाडत होते. इतकी वर्षं ग्रॅहमरावांचं ऐकून खेळ संपायच्या आत तोंड उघडायचं, हे मला जमेना. काकांनी फोन करून विचारलं की आईचेच तारे कसे नाहीत. मी म्हटलं, अजून खेळून व्हायचंय. ते म्हणाले, त्यात खेळायचं काय, आपलाच मुलगा ना.

दोनच दिवसांत गडबड झाली. गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाला हे सगळं संशयास्पद वाटलं, आणि वाटणारच. एकाच गावातून, एकाच संध्याकाळी, न खेळता पाच तारे. त्यांनी ती सगळी मतं काढून टाकली आणि गेमच्या पानावर मोठी सूचना लावली की इथे मतांमध्ये लबाडी झाल्याचा संशय आहे. मग गेमच्या बातम्या देणाऱ्या लोकांना खाद्य मिळालं. विकत घेतलेली स्तुती, खोटी खाती, तीन मुलांचा बनाव. कुणीतरी ती काढून टाकलेली मतं जपून ठेवली होती. तीही फिरायला लागली आणि आमच्या काकूंच्या साटोऱ्यांवर विनोद झाले. गेम कुणी घेईना, कारण त्या सूचनेखालचं काही विकत घ्यायला कोण जाईल?

ईशानचा फोन आला तेव्हा मी भांडी लावत होते. आवाज अगदी शांत होता, आणि तो शांत असला की मला भीती वाटते.

“आई, प्लीज काकांना सांग, स्टॉप. दे थिंक आय बॉट देम.”

मी सांगते म्हटलं.

“तू पण लिहिलंस?”

“नाही रे. मी अजून पहिल्या गल्लीत आहे.”

तो ओके म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. त्यानंतर त्याचे फोन थांबले. तीन वर्षं आणि नोकरी एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला त्याच्यावर जीव टाकणारी, त्याला जन्मापासून ओळखणारी माणसं. त्यांच्यावर रागावायचीही सोय नाही. आता परत नोकरी शोधेल का, शोधली तर हे नाव त्याच्या मागे लागेल का, हे मी दिवसभर मनात घोळवत बसायचे. निरोप मात्र ठेवत होते. हवा, जेवण, मोजे. बाकी अर्जंट काही नाही.

देवधर काकांना मी घरी जाऊन सांगितलं. ते खुर्चीत बसलेले होते, ते एकदम म्हातारे दिसले. त्यांनी त्या दुकानाला सविस्तर खुलासा पाठवायची तयारी दाखवली, मंडळाच्या शिक्क्यासह. मी हात जोडून त्यांना थांबवलं.

सुधीरने वेगळाच धोशा लावला. तू त्या ऑस्ट्रेलियावाल्याला लिही, म्हणाला. तू त्याची एवढी जुनी श्रोती, त्याने एक चांगला शब्द टाकला तर पोराचं भलं होईल. त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही, आई म्हणून माझा हातही शिवशिवत होता. पण मी लिहिलं असतं आणि ग्रॅहमराव माझ्यासाठी चांगलं बोलले असते, तर तो आणखी एक आहेर झाला असता. आणि त्यांनी माझं ऐकलं असतं, तर इतकी वर्षं मी ज्यांना मानलं ते ग्रॅहमराव राहिले नसते. हे सुधीरला समजावताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याला वाटलं मी त्याच्यावर चिडलेय. त्या फेब्रुवारीत आमच्या घरात बरंच काही असं चुकीच्या पत्त्यावर जात होतं.

मी आपली खेळत राहिले. दुपारी चहा झाला की जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडायचा आणि बर्फ काढायला बसायचं. आवाज बंद ठेवावा लागायचा, कारण पहिल्या दिवशी गेममधला प्लो खरखरला आणि वामकुक्षीतला सुधीर उठून कचऱ्याचे डबे आत घ्यायला धावला होता. बाहेर खरा बर्फ, पडद्यावर खोटा. गाडी हळूहळू वळायला लागली. पत्रपेट्या शाबूत राहायला लागल्या. एका घरात दिवा लागला आणि एक म्हातारा दोन कपांत कॉफी ओतताना दिसला, आणि मग एक कप परत किटलीत ओतून टाकताना. मी हात थांबवून बसले. हे माझ्या पोराने कुठे पाहिलं, कधी पाहिलं, मला ठाऊक नव्हतं.

त्याच दिवसांत एका सकाळी पोळ्या लाटताना फोनवर ग्रॅहमरावांनी गेमचं नाव घेतलं. माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. सुधीर पेपर टाकून आत आला.

त्यांनी सुरुवात त्या काढून टाकलेल्या मतांपासूनच केली. त्यांनी ती सगळी वाचली होती. साटोऱ्या हा शब्द त्यांना तीनदा प्रयत्न करूनही म्हणता आला नाही. मग ते म्हणाले, “विकत घेतलेल्या मतात कुणी गेम बनवणाऱ्याच्या आईच्या हातच्या खाण्याचं कौतुक करत नाही. ही भाडोत्री माणसं नाहीत. हे कुणाचे तरी शेजारी आहेत. त्यांनी गेम पाहिला नाही, पोरगा पाहिला.” आणि मग म्हणाले की पण त्याने गेम चांगला ठरत नाही, तेव्हा आता आपण गेमबद्दल बोलू.

आणि बोलले. गाडी रेड्यासारखी वळते, म्हणाले. मी ओट्याशी उभी राहून मान डोलावली. मधला भाग लांबलाय, नकाशा वाचता येत नाही, एक पूल कारण नसताना दोनदा येतो. ईशानला हे ऐकताना काय होत असेल, हेच मनात येत होतं. मग त्यांचा आवाज उतरला. मी आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही, म्हणाले, आमच्याकडे आज बाहेर उभं राहवत नाही, आणि तरी गेम संपल्यावर मी उठून कपाटातून मोजे काढले. कॉफी परत ओतणारा म्हातारा ज्याने काढला त्या मित्राचं नाव त्यांनी घेतलं. खिडक्यांतला उजेड ज्याने केला त्याचं घेतलं. ईशानचं नाव घेतलं, आडनावासकट, आणि ते सावकाश, नीट म्हटलं. शेवटी म्हणाले की खेळणाऱ्यांनो, निळ्या दाराचं घर आलं की इंजिन बंद करा आणि थांबा, पुढचं मी सांगणार नाही.

“आता भावाचं,” ते म्हणाले. “भावाने मागितला. मी म्हटलं, तुझा तू घे.”

माझ्या ऐकण्यात हे माप कधी आलं नव्हतं. सुधीरला त्याचा अर्थ मी सांगितला: गेम इतका चांगला की उसनासुद्धा द्यायचा नाही. तोवर तव्यावरची पोळी करपली.

तासाभराने ईशानचा फोन आला. आई, ही प्लेड इट, म्हणाला. ही प्लेड द होल थिंग. आवाज जाळीतून यायचा तसा होता, तेरा-चौदा वर्षांचा. गाडीचं त्याने अगदी बरोबर पकडलं, मी दोघांना किती दिवस सांगत होतो, असंही म्हणाला, आणि हसला. त्या टीकेचा त्याला आनंद झाला होता. काकांच्या माइकवरच्या घोषणेने जे झालं नव्हतं ते त्या रेड्याने केलं. कुणीतरी त्याची गाडी खरंच चालवून पाहिली होती. फोन ठेवायच्या आधी त्याने विचारलं की मी कुठपर्यंत आलेय. पुलापाशी, मी म्हटलं. पहिल्या की दुसऱ्या, त्याने विचारलं, आणि आम्ही दोघंही हसलो.

पुढे दुकानाने ती सूचना काढून टाकली. गेम काही जगभर गाजला वगैरे नाही, पण तिघांना दुसरा करायला घेता येईल इतपत चालला. देवधर काकांनी मंडळाच्या ग्रुपवर ग्रॅहमरावांचं अभिनंदन केलं, त्यांना मानद सभासद करावं असं सुचवलं, आणि त्यालाही सगळ्यांनी टाळ्या दिल्या. काका आता तो गेम खरंच खेळतात. मला फोन करून विचारतात, तो दुसरा पूल कसा ओलांडायचा.

मी निळ्या दारापाशी पोचले तेव्हा मार्च उजाडला होता. छपरावरचा बर्फ वितळून पन्हाळ्यांतून ठिबकत होता आणि अंगणात कडेकडेने मळकं गवत दिसायला लागलं होतं. सुधीर दुकानात गेला होता. पडद्यावर गावाबाहेरचा शेवटचा रस्ता, आणि त्या टोकाला एक घर. आमचं दार तपकिरी आहे, त्यामुळे मला आधी काही शंका आली नाही. पण बाकी सगळ्या घरांत बर्फ काढल्यावर दिवा लागायचा, आणि इथे मी पोचायच्या आधीच स्वयंपाकघरातला दिवा लागलेला होता. मग पत्रपेटी दिसली. एका बाजूला कललेली आणि तारेने बांधलेली. ती तार सुधीरने बांधलीये. प्लोने पेटी पाडली तेव्हा, ईशान मॅडिसनला असताना. अजून तशीच आहे.

मला ग्रॅहमरावांचे शब्द आठवले. आवाज बंदच होता. मी तो चालू केला आणि इंजिन बंद केलं. खरवडणं थांबलं. वारा होता थोडा. आणि मग खिडकीतून एका बाईचा आवाज आला, जरासा दबलेला, फोनवर बोलल्यासारखा.

“ईशान, आई बोलतेय. बर्फ फार पडतोय रे. आज निघू नकोस, उद्या ये. आणि निघालाच असशील तर सावकाश ये, आम्ही जागेच आहोत. बाकी अर्जंट काही नाही.”

बीप. आणि पुढचा निरोप. जाड मोजे घे. बीप. लाडू पाठवलेत, मित्रांना दे, एकटा खाऊ नकोस. बीप. बाबांनी पेटीला तार बांधलीये, बघ आलास की, मला तर हसूच येतं. बीप. वर्षानुवर्षांचे. खाली भाषांतर नव्हतं. जगभरात ज्यांनी ज्यांनी हा गेम खेळला त्यांनी त्या खिडकीखाली गाडी थांबवून माझी ही बडबड ऐकली होती, एक अक्षर न कळता. उसाच्या गावात, पंख्याखाली बसून, त्या माणसानेही ऐकली होती. आणि मोजे काढले होते.

मी किती वेळ तशी बसले होते ठाऊक नाही. पडद्यावर उजाडत गेलं, आणि खिडकीतला दिवा कुणी विझवला नाही. खूप रडले, ते लपवण्यासारखं काही नाही. मग तोंड धुतलं आणि ईशानला फोन लावला. त्याने उचलला नाही, मीटिंगमध्ये असणार. बीप वाजला.

“ईशान, आई बोलतेय. गेम झाला माझा, शेवटपर्यंत. गाडी खरंच रेड्यासारखी वळते, पुढच्या खेपेला ते बघ. आणि एक पूल काढून टाक. नागपूरहून मामा गेम मागत होता. मी त्याला सांगितलं, तुझा तू घे. इकडे बर्फ वितळतोय. बाकी अर्जंट काही नाही.”